सनद की सल्ला? आपल्या मुलांपुढचे दोन पेशे
(विहाराच्या वर्धापनदिनी न्हावा शेवा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तथागत भगवान गौतम बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

वर्धापनदिनाला आपण दरवर्षी धम्मावर व्याख्यान ठेवतो. यंदा समितीने मला जो विषय दिला तो जरा निराळा आहे. आपल्या वस्तीतली एक मुलगी कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करते आहे. हुशार आहे. तिच्यापुढे आज दोन दारे उघडी आहेत. एक दार कंपन्यांची कामे करणाऱ्या मोठ्या वकिली फर्मचे, ज्याला कॉर्पोरेट लॉ म्हणतात. दुसरे दार व्यवस्थापन सल्लागार कंपनीचे, म्हणजे मॅनेजमेंट कन्सल्टन्सीचे. घरात शैक्षणिक कर्ज आहे, धाकटा भाऊ शिकतो आहे. आई विचारते, पगार कुठे जास्त? काका म्हणतात, वकीलच हो, बाबासाहेब वकील होते. मैत्रिणी म्हणतात, कन्सल्टन्सीत विमानाने फिरायला मिळते. समिती मला म्हणाली, साहेब, तिच्या निमित्ताने बोला, म्हणजे पुढच्या मुलांनाही उपयोग होईल.

आता बघा, हा प्रश्न पडणे हीच मोठी गोष्ट आहे. आपल्या आजोबांना असा प्रश्न पडला नाही. त्यांच्यापुढे मिठागर, गवंडीकाम, गिरणी, फार तर रेल्वे. दोन चांगल्या पेशांतून एक निवडायचा, ही आपल्याकडे नवीनच अडचण आहे, आणि म्हणून तिच्यावर सांगणारे मोठे माणूस घरात नसते. वरच्या जातींच्या घरात एखादा मामा सॉलिसिटर असतो, एखादी आत्या बँकेत अधिकारी असते. जेवता जेवता मुलाला सगळे कळते. आपल्या मुलाला ते विहारात कळले तर काय बिघडले?

आधी हे दोन पेशे करतात काय, ते समजून घेऊ. दूर जायला नको, आपल्या दारातले बंदर घ्या. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. १९९७ साली एका खासगी कंपनीबरोबर तीस वर्षांचा करार झाला आणि १९९९ मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल इथे चालू झाले. मग दुसरे आले, तिसरे आले. २०२२ साली बंदराचे स्वतःचे कंटेनर टर्मिनलसुद्धा तीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेले. आज बंदर प्राधिकरण जमीनमालकासारखे आहे आणि धक्का चालवणारे वेगळे आहेत. वर्षाला सत्तर लाखांहून जास्त कंटेनर, म्हणजे वीस फुटी मापाने मोजलेले, इथून ये-जा करतात.

मला सांगा, हे सगळे कशावर चालते? क्रेनवर चालते, ट्रेलरवर चालते, लॅशिंग करणाऱ्या आपल्या पोरांच्या हातांवर चालते. पण त्याच्याही आधी ते दोन कागदांवर चालते. पहिला कागद म्हणजे अहवाल. इथे टर्मिनल बांधले तर किती माल येईल, किती खर्च होईल, पैसा किती वर्षांत निघेल, कंटेनर यार्डात किती दिवस पडून राहतो आणि तो वेळ कमी कसा करायचा, किती माणसे लागतील, किती कमी करता येतील. हा कागद सल्लागार लिहितो. दुसरा कागद म्हणजे करार. तीस वर्षे कोण कोणाला काय देणार, उत्पन्नातला वाटा किती, काम वेळेत झाले नाही तर दंड काय, भांडण झाले तर लवाद कुठे बसणार, करार मोडला तर धक्का कोणाचा. हा कागद वकील लिहितो.

थोडक्यात, काय करावे हे सल्लागार सांगतो आणि जे ठरले ते कोणाला बांधील राहील हे वकील लिहून ठेवतो. कंपनीच्या वकिलाला रोज कोर्टात जावे लागते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. त्याचे बहुतेक दिवस कागदपत्रे तपासण्यात, मसुदा करण्यात आणि समोरच्या वकिलाशी एकेका शब्दावर वाटाघाट करण्यात जातात. २०१३ चा कंपनी कायदा, २०१६ ची दिवाळखोरी संहिता ही त्याची रोजची भाकरी. सल्लागाराचे दिवस आकडे गोळा करण्यात, ग्राहक कंपनीच्या कार्यालयात बसून माणसांना प्रश्न विचारण्यात आणि साहेबांपुढे तक्ते मांडण्यात जातात. रात्री दोघांच्याही जागतात. पगार दोघांनाही चांगला. म्हणून आईच्या प्रश्नाचे उत्तर मी बाजूला ठेवतो. पहिल्या पगाराचा फरक हा तीस वर्षांच्या आयुष्याचे माप होऊ शकत नाही.

मग माप कोणते घ्यायचे? माझ्या मते आपल्या माणसाने पेशा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या पेशात मी उभा राहतो तो माझ्या हक्काने, की समोरच्याच्या मर्जीने? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही, तो बाबासाहेबांच्या चरित्रातून येतो. काका म्हणतात बाबासाहेब वकील होते. बरोबर आहे. पण बाबासाहेब आधी सल्लागार होते, हे किती जणांना माहीत आहे?

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परत आले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कार्यालयात शिपाई लांबून फायली टाकत, हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पण मुंबईत आल्यावर त्यांनी काय केले? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, घर चालवायचे आहे. त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेब लिहिण्याची कामे केली, आणि शेअर-रोख्यांच्या व्यवहारात गुंतवणूकदारांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत कन्सल्टन्सी. ज्ञान होते, लोक येऊ लागले. आणि मग लोकांना कळले की सल्ला देणारा अस्पृश्य आहे. येणारे यायचे बंद झाले. व्यवसाय बसला.

इथे जरा थांबून विचार करा. सल्ला चुकला होता का? नाही. आकडे चुकले होते का? नाही. पण सल्ला ही अशी वस्तू आहे की ती घ्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. त्याने घेतला नाही तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? कोणत्या कायद्याखाली?

पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास तर पुरा केलाच, १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., पण १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले. १९२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला आरंभ केला. सनद घेण्यापुरतेही पैसे हाताशी नव्हते, त्यांचे मित्र नवल भथेना यांनी मदत केली. वकिलीतही अस्पृश्यता आडवी आलीच. मोठे सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे देत नसत. पण फरक बघा. सॉलिसिटरने काम दिले नाही तरी गरीब पक्षकार वकीलपत्र देऊ शकत होता, आणि एकदा वकीलपत्र दाखल झाले की बॅरिस्टर आंबेडकरांचे म्हणणे न्यायाधीशाला ऐकावे लागत होते, विरुद्ध बाजूला उत्तर द्यावे लागत होते. १९२६ साली पुण्यात जेधे-जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाचा खटला त्यांनी लढवला, त्यात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी त्यांना आपला वकील केले. सल्लागाराच्या खुर्चीतून ज्याला उठवले गेले, त्याला सनदेने उभे राहायला जागा दिली.

तुम्ही म्हणाल, साहेब, म्हणजे कन्सल्टन्सी वाईट आणि वकिली चांगली, विषय संपला. नाही. इथेच खरा विषय सुरू होतो.

बाबासाहेबांनी सनद घेतली म्हणून हिशेबाची वही फेकून दिली नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे आज ही मुलगी ज्या विषयात जाऊ म्हणते, त्याचाच मूळ विषय. १९२५ च्या डिसेंबरात भारताच्या चलनाविषयी नेमलेल्या शाही आयोगापुढे, ज्याला आपण हिल्टन यंग आयोग म्हणतो, त्यांनी साक्ष दिली. हा सल्लाच होता. फरक इतकाच की आता तो एखाद्या शेठजीच्या पेढीला नसून देशाला होता.

आणि आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो हे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले होते ते आपण फारसे सांगत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा लावला, १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला. हजारो लोक सत्याग्रहाला जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि लढा कोर्टात नेला. मुद्दे दोन होते. तळे कोणाचे आहे, आणि अस्पृश्यांना मनाई करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट खरोखर सिद्ध होते का? त्यासाठी काय लागले? दफ्तरे लागली, नगरपालिकेचे कागद लागले, साक्षीदारांची उलटतपासणी लागली. १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला. अपिले झाली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. घोषणांनी तळे हलले हे खरे, पण ते कायमचे आपले झाले ते कागदाने.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ ला, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप चालू होता. बाबासाहेब त्या लढ्याच्या पाठीशी होते. खोताला धान्य किती जाते आणि कुळाच्या घरात किती उरते, हा साधा हिशेब होता. पण तो हिशेब मांडता येणारा आणि विधेयकाचा मसुदा लिहिता येणारा एकच माणूस असला की काय होते, ते कोकणाने पाहिले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि उरण तालुक्यातले पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, जासईचे भूमिपुत्र, स्वतः वकील. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. हा साडेबारा आकडा बघा. मागणी भावनेची होती, पण हाती जे लागले ते टक्केवारीत लागले. ज्याला टक्केवारी समजली त्याने भूखंड राखला. ज्याला समजली नाही त्याने वाटपाआधीच कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि बिल्डरची गाडी आली. असे अंगठे आपल्या आसपास पुष्कळ आहेत, मी नावे घेत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कोळी बांधवांचे. भराव झाले, खाडीची वाट अडली, मासळी गेली. ते राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. भागाकार करा. एका कुटुंबाला ५ लाख ८४ हजार रुपये. आदेश होणे आणि पैसा हातात पडणे यांत किती पाणी वाहते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. या एका आदेशात दोन्ही पेशे बसलेले आहेत. मच्छीमाराला भरपाईचा हक्क आहे, हा वकिलाचा मुद्दा. पण कुटुंबे किती? दिवसाची मिळकत किती? किती दिवसांचे नुकसान धरायचे? हा मोजणाऱ्याचा मुद्दा. हक्क सिद्ध झाला आणि मोजमाप आले नाही तर भरपाई शून्याच्या जवळ येते. मोजमाप उत्तम आहे आणि हक्कच सांगता आला नाही तर तो नुसता तक्ता राहतो.

म्हणून हे दोन पेशे एकमेकांचे वैरी नाहीत. पण माणूस एका वेळी एकाच दारातून आत जातो. आधी कुठले दार? माझे उत्तर स्पष्ट आहे: आधी सनद. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण. सनद तुमच्या नावावर असते. सल्लागाराच्या मागे उभे असते ते त्याच्या कंपनीचे नाव. मोठ्या सल्लागार कंपन्यांत ठरावीक वर्षांत वरची पायरी चढा, नाहीतर दुसरीकडे बघा, अशी रीत असते. बाहेर पडलात की ओळखपत्र परत द्यावे लागते. सल्लागार म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही, म्हणून त्याला कायद्याचे कवचही नाही. वकिलाची फर्म सुटली तरी १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने दिलेला उभे राहण्याचा हक्क सुटत नाही. उरणच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत तो चालतो.

दुसरे कारण, आणि हे मोठे. सल्लागाराला काम देणारा नेहमी पैसेवाला असतो. कंपनी असते, सरकार असते. लॅशिंगवाला सल्लागार नेमत नाही. वकिलाचे तसे नाही. दिवसभर कंपनीचे करार लिहिणारी वकील रविवारी याच विहारात बसून एखाद्या आजीची नोटीस वाचू शकते, आणि गरज पडली तर सोमवारी तिचे वकीलपत्र घेऊ शकते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो वकील आपल्यातलाच, आपली भाषा जाणणारा का नसावा?

तिसरे कारण रोकडे आहे. सनदेतून सल्लागारीकडे जाता येते, सल्लागारीतून सनदेकडे येताना पुन्हा तीन वर्षे शिकावे लागते. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते, पण ती रद्द होत नाही, नोकरी सोडल्यावर पुन्हा चालू करता येते. या मुलीने पाच वर्षे कायदा शिकलेलीच आहे. तिने पदवी घेऊन सनद न घेता दुसरीकडे जाणे म्हणजे घर बांधून उंबरठा न घालणे.

सनदेच्या खर्चाबद्दल एक महत्त्वाचे. पूर्वी निरनिराळ्या राज्यांत नावनोंदणीसाठी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यात लिहिले आहे त्यापेक्षा जास्त नावनोंदणी फी घेता येणार नाही. कायद्यात काय लिहिले आहे? सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. मुद्रांक शुल्क असल्यास वेगळे. बाबासाहेबांना सनदेसाठी मित्राकडून पैसे घ्यावे लागले होते. तुम्हाला सव्वाशे रुपये लागतात. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करा. हे पाठ करून ठेवा आणि कोणी जास्त मागितले तर पावती मागा.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे सांगतो, कारण मी स्वतः वकील आहे आणि माझ्या पेशाची भलामण करतो आहे असे कोणाला वाटू नये.

एक तर, कॉर्पोरेट वकिली म्हणजे गरिबांची वकिली नव्हे. तिथेही पैसा देणारी कंपनीच असते. उद्या ही मुलगी एखाद्या टर्मिनलचा करार लिहील आणि परवा त्याच टर्मिनलविरुद्ध आपले गाव उभे राहील. त्या वेळी तिला गावाच्या बाजूने त्या प्रकरणात उभे राहता येणार नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकिलाला बाहेर सांगता येत नाही, आणि एकाच भांडणात दोन बाजू घेता येत नाहीत. हा पेशाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. तेव्हा गावाने तिला फितूर म्हणायचे नाही, आणि तिनेही कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे आधी मनाशी ठरवायचे. हा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे.

दुसरे, सल्लागाराची ताकद मोठी आहे, ती कमी लेखू नका. २००३ साली बॉम्बे फर्स्ट या संस्थेसाठी मॅकिन्झी कंपनीने मुंबईच्या भवितव्याचा ‘व्हिजन मुंबई’ अहवाल तयार केला. अशा अहवालांतून शहराने कुठे वाढावे, कोणत्या कामाला पैसा मिळावा, याची चर्चा ठरते. आपण जागे होतो ते भूसंपादनाची नोटीस आल्यावर. तोवर निर्णय झालेला असतो. नोटीस येण्याआधीच्या त्या खोलीत आपला एकही माणूस बसलेला नसतो. ज्या खोलीत तीनशे कामगार कमी करा असा तक्ता तयार होतो, तिथे त्या तीनशे घरांत काय शिजते हे ठाऊक असलेला एक जण असला, तर तक्ता कदाचित निराळा होईल. म्हणून आपल्या मुलांनी त्या खोलीत जाऊच नये असे मी म्हणणार नाही. जावे. पण तिथे आपल्या बोलण्याला कायद्याचा आधार नाही, फक्त गुणवत्तेचा आणि समोरच्याच्या मर्जीचा आधार आहे, हे ओळखून जावे.

तिसरे, या दोन्ही ठिकाणी आरक्षण नाही. प्रवेश परीक्षेपर्यंत, सरकारी महाविद्यालयाच्या जागेपर्यंत, शिष्यवृत्तीपर्यंत घटनेचा हात आपल्या पाठीवर आहे. खासगी फर्मच्या दाराशी तो सुटतो. सल्लागार कंपन्या बहुतेक मुले ठरावीक आयआयटी-आयआयएममधून घेतात. मुलाखतीत एखाद्या धंद्याचा प्रश्न देतात आणि तिथल्या तिथे इंग्रजीतून तो सोडवून दाखवायला सांगतात. मराठी माध्यमातली मुले इथे बुजतात. खरे तर प्रश्न साधे असतात. एका यार्डात दिवसाला किती ट्रेलर येतात, एक ट्रेलर किती वेळ उभा राहतो, गेट वाढवावे की पाळी वाढवावी? अहो, याचे उत्तर आपल्या पोरांना त्या मुलाखत घेणाऱ्यापेक्षा चांगले माहीत आहे. फक्त ते मांडायचा सराव नाही. दर शनिवारी विहारात दोन तास असा सराव ठेवा. खर्च काही नाही, एक फळा पुरे.

आता धम्म काय सांगतो? अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. भगवंतांनी उपासकाने कोणते व्यापार करू नयेत ते स्पष्ट सांगितले आहे. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. वकिली आणि सल्लागारी त्या यादीत नाहीत. म्हणजे पेशा निर्दोष आहे, मग जबाबदारी येते ती त्या पेशात आपण काय करतो यावर. करारात मुद्दाम अंधुक शब्द घालून समोरच्या अडाण्याला फसवले, तर तो मृषावादच. ग्राहकाला आवडेल तसा आकडा फिरवला, तर तोही मृषावादच. पगाराची पावती त्याला सम्यक करत नाही.

आणि पैशाचे काय करावे, तेही भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात, चौथा भाग संकटासाठी राखावा. आपल्याकडे पहिला मोठा पगार आला की आधी गाडी येते, मग लग्नाचा मांडव मोठा होतो, आणि मग मुलगी त्या नोकरीला बांधली जाते. कर्ज असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. चुकीच्या कामाला नाही म्हणण्याची ताकद त्या चौथ्या भागात आहे. म्हणून आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिली तीन वर्षे मुलीच्या पगारावर नवे कर्ज काढू नका. शिक्षणाचे कर्ज आधी फेडू द्या. मग ती जो पेशा निवडेल तो तिच्या अकलेने निवडेल, हप्त्याच्या धाकाने नाही.

तेव्हा या मुलीला माझे सांगणे असे. सनद घे. बार परीक्षा दे. मग वकिली फर्ममध्ये जा, आणि जमल्यास बंदरे, जमीन आणि पायाभूत कामांचे करार ज्या विभागात होतात तो विभाग माग, कारण ती विद्या आपल्या किनाऱ्याला हवी आहे. त्याच वेळी ताळेबंद वाचायला शीक. तीन-चार वर्षांनी सल्लागारीकडे जावेसे वाटले तर खुशाल जा. तेव्हा तू मर्जीवर जगणारी नसशील, परतायला तुझी जागा असेल. आणि जी मुले वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकून सल्लागारीकडे निघाली आहेत त्यांनीही निराश होऊ नये. नोकरी सांभाळत तीन वर्षांचा कायदा प्रत्येकाला जमेल असे नाही, पण भूसंपादनाचा कायदा, कामगारांचे कायदे आणि माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा यांचा अभ्यास कोणीही करू शकतो.

समितीला एक सूचना करून मी थांबतो. महिन्यातल्या दोन रविवारी या सभागृहात एक टेबल मांडा. एका बाजूला सनदवाला बसेल, दुसऱ्या बाजूला हिशेबवाला. लोकांनी यावे, सातबारा आणावा, भूखंडाचे पत्र आणावे, ठेकेदाराने दिलेले नेमणूकपत्र आणावे, सहीपूर्वी आणावे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले, शिवडी आता वीस-पंचवीस मिनिटांवर आली, आणि जमिनीचे भाव विचारणारे रोज पुलावरून येतात. त्यांच्याबरोबर वकील असतो आणि सल्लागारही असतो. आपल्या माणसाबरोबर निदान एक तरी असावा.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम, नमो बुद्धाय.